ज्याची मूठ त्यानं भरायची

आमच्या सासूनं, ताईबाईनं, ऐन कानबाईच्या सणाला पोटच्या पोराला रोटाच्या पंगतीतून उठवलं होतं. भावकीतल्या बाया अजून बोलतात, काय कजाग बाई होती म्हणून. बोलू द्या. मी सकाळी देवापाशी उदबत्ती लावते तेव्हा एक नमस्कार तिच्या फोटोलाही करते, आणि तो तोंडदेखला नसतो. तिनं त्या दिवशी लेकाला मुकाट्यानं वाढलं असतं तर मला नवरा असता, पण नावापुरता.

सांगते सगळं. फक्त मध्ये टोकू नका, मला टोकलेलं खपत नाही.

शहाऐंशी साल असेल. आम्ही वरणगावला दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आमचे हे, पितांबर, तिथे टर्नर होते. हाताला असा गुण की साहेब लोकही नाव घ्यायचे. आत काय बनतं ते घरी सांगायचं नाही असा नियम, आणि हे नियमाचे पक्के. मी म्हणायची, आतलं नका सांगू, पण घरात काय चाललंय ते तरी विचारा. त्यावर हे नुसते हसायचे. हसणं फार गोड होतं, आणि तिथेच तर माझं सगळं बिघडत होतं. रागावलेली बाई किती वेळ रागावलेली राहणार?

ह्यांना एकच रोग होता. कोणाला नाही म्हणता यायचं नाही. कोणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार, की बोलायला पितांबर. कोणाची म्हैस बाजारातून आणायची, पितांबर. कॉलनीच्या गणपतीचा मांडव पितांबरच्या गळ्यात. पोरांच्या व्हॉलीबॉलची जाळी बांधायलाही हेच, आणि ह्यांनी जन्मात चेंडूला हात लावला नव्हता. त्यातून वेळ उरला की ओव्हरटाइम, तोही बहुतेक दुसऱ्याच्या बदल्यात. कोणी काही म्हणायची खोटी, ह्यांचं उत्तर तयार, "येतो भाऊ." लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात, ते आमच्या घरी अगदी शब्दाला शब्द होतं.

एकदा आमच्या भटूला गोवर निघाला. मी त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात गेले, तर बाकावर हे बसलेले. मला वाटलं, निरोप मिळाला वाटतं, धावत आले. तर ह्यांच्या मांडीवर फॅक्टरीतल्या उखर्डूचं पोर. उखर्डूला ड्यूटी होती म्हणून त्याच्या पोराला घेऊन आलेले. मला म्हणतात, "अरे, तू पण आलीस? बरं झालं, दोघांचे नंबर लागून येतील." आता अशा माणसावर ओरडायचं तरी काय? मी ओरडलेच, ती गोष्ट वेगळी.

ह्यांचं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला. तिथे थोरले दीर निंबा आबा शेती पाहायचे आणि आत्याबाई त्यांच्याजवळ राहायची. मी सासूला आत्याबाईच म्हणायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा आमच्या भावकीतला माणूस जिथे असेल तिथून गावी येतो. कानबाईचे रोट म्हणजे पुरणाच्या पोळ्याच, पण त्याचे गहू साध्या मापानं घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ घ्यायची, ते दळायचं आणि त्याचेच रोट करायचे. खायचे ते घरच्यांनीच, बाहेरच्याला त्यातला घास चालत नाही. आमच्या घराण्याची आणखी एक रीत होती, की ज्याची मूठ त्यानं स्वतः भरायची. शुक्रवारी सकाळी गहू मांडायचे, एकेका पुरुषानं येऊन मूठ भरायची आणि मग बायांनी जात्यावर बसायचं. बाळाची मूठ आई त्याचा हात धरून भरते. मेलेल्याची मूठ गळते. बस, एवढंच.

आता ह्यांना शुक्रवारी कधी यायला जमलंय? हे यायचे रविवारी जेवायच्या वेळेला, तेही सोमवारच्या पहिल्या गाडीनं परत जाण्याच्या बोलीवर. शुक्रवारची ह्यांची मूठ वर्षानुवर्षं आत्याबाईच भरत होती. आदल्या साली निघताना तिनं मला उंबऱ्यात थांबवलं आणि म्हणाली, "पुढला साले मी त्याची मूठ भरावू नही. सांग त्याले."

मी सांगितलं. हे हसले. म्हणाले, "माय असंच बोलते."

त्या वर्षी मी नागपंचमीच्या आधीपासून पाठीस लागले. हे म्हणाले, रजा टाकली आहे, तू पोरांना घेऊन गुरुवारी हो पुढे, मी शुक्रवारी पहाटेच्या पॅसेंजरनं निघतो, दळण सुरू व्हायच्या आत दारात उभा. मी म्हटलं, "तुमच्या त्या दोस्ताच्या, शालिग्रामच्या घराचा स्लॅब शुक्रवारी आहे ना?" म्हणाले, "त्याला सांगितलंय मी, की मला गावी जायचंय." मी म्हटलं, "आणि तो काय म्हणाला?" तर हे इकडे तिकडे पाहायला लागले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शुक्रवारी सकाळी माजघरात धुतलेल्या धोतरावर गहू मांडले. निंबा आबा अंघोळ करून आले, त्यांनी आपली मूठ भरली. मग त्यांची पोरं. आमचा भटू तोवर सहावीत गेला होता, त्यानं ऐटीत स्वतःची मूठ भरली, आणि मुठीतून निम्मे गहू खाली सांडले तरी त्याची ऐट काही सांडली नाही. आमची थोरली, छाया, बाजूला उभी राहून पाहत होती. मग आत्याबाईनं दाराकडे पाहिलं.

"पितांबर उना का?"

ह्यांचा पत्ता नव्हता. जाऊ सुमनबाईनं जातं पुसून ठेवलं होतं. आत्याबाई म्हणाली, गव्हात खडे दिसतात, जरा निवडते. ते गहू आदल्या दिवशी तीन बायांनी निवडलेले होते. त्यात औषधालाही खडा नव्हता. तरी ती सूप मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. पाचोऱ्याहून येणारी एसटी गावच्या फाट्यावर थांबायची, तिचा आवाज माजघरात ऐकू यायचा. सकाळची गाडी येऊन गेली. अकराची येऊन गेली. दुपारची गाडी गेली तेव्हा सुमनबाई दबकत म्हणाली, "माय, दळण राहून जाईल." आत्याबाईनं सूप खाली ठेवलं आणि जात्याचा खुंटा धरला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ह्यांच्यावर तर होतीच, पण ते समोर नव्हते, आत्याबाई समोर होती. मी म्हटलं, "आत्याबाई, भरा ना त्यांची मूठ. जित्या माणसाची मूठ गाळतं का कोणी? अभद्र आहे ते. माझ्या कुंकवाचा तरी विचार करा."

"जित्ता शे ना तो? मंग यी आन् भरी," ती म्हणाली. "बठ आठे. दळाले लाग."

मी तणतणत तिच्या समोर बसले. जातं दोघींनी ओढायचं असतं, एका खुंट्याला दोघींचे हात, त्यामुळे भांडण झालं तरी तोंड फिरवता येत नाही. मग तिनं आपणहून बोलायला सुरुवात केली. माझ्याकडे न पाहता, गव्हाची ओंजळ जात्यात टाकत टाकत.

माझे सासरे मी पाहिले नव्हते. गावात त्यांचं नाव मोठं. कोणाच्या बांधाचं भांडण मिटवायचं, कोणाच्या विहिरीला माणसं जमवायची, कोणाच्या पोरीचं लग्न पार पाडायचं, सगळीकडे ते पुढे. घरी फक्त पाठ टेकायला यायचे. त्यांचीही मूठ लग्न झाल्या सालापासून पुढे तिनंच भरलेली.

"तो गया तवय बठ्ठं गाव रडनं," आत्याबाई म्हणाली. "माले रडू उनं नही. मी याद करी करी दखं, त्याना हात कसा व्हता, त्याले काय आवडे. माले काहीच आठवे ना. लोके म्हनेत, बाई धीरनी शे. धीर कसाना, सुनंदा? वळखच नव्हती."

माझा हात खुंट्यावर तसाच राहिला. तिनं जातं एकटीनंच फिरवत ठेवलं.

"तुले तसं नको व्हाले," ती म्हणाली. "आन् त्याले काही सांगू नको. मी दखी लिसू."

पाहून घेते म्हणाली, म्हणजे काय ते मी विचारलं नाही. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. मी नुसती मान हलवली आणि जोरानं जातं ओढायला लागले.

हे आले दिवेलागणीला. केसांत सिमेंट, चपलेवर सिमेंट, हातात जिलबीचा पुडा. दोन तासांचं काम म्हणून उभे राहिले, घमेली कमी पडली, माणसं कमी पडली, आणि स्लॅब अर्धवट टाकून निघता येत नाही, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मग म्हणाले, "दळण झालं का? माझी मूठ भरली ना माय?"

आत्याबाई तांब्या घेऊन पुढे आली. पितळी तांब्या, चिंचेनं लखलखीत घासलेला. म्हणाली, "हातपाय धुई ल्या, भाऊ. दमी गयात व्हशात."

ह्यांच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. आत्याबाई ह्यांना कधी अहो-जाहो करायची नाही. ह्यांना तिच्या तोंडी एकच नाव होतं, मुडदा. मुडद्या ऊठ, मुडद्या जेव, मुडद्या कधी येशी. आणि आज भाऊ. रात्री बाजेवर नवी चादर, उशाला पाण्याचं भांडं. सकाळी उठल्याबरोबर चहा बशीसकट. हे मला म्हणाले, "माय खूश दिसते या वेळी." मी चहाची बशी उचलून आत गेले.

शनिवारी विहिरीवर हे एकटे होते तेव्हा वाटलं, सांगून टाकावं. आईचे पाय धरा म्हणावं, काहीतरी मार्ग निघेल. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग मनात आलं, इतकी वर्षं मी हेच तर करत आले. पोरांना सांगायचं, बाबांना काम आहे. पाहुण्यांना सांगायचं, येतीलच इतक्यात. ह्यांनी सांडायचं आणि मी पदरानं पुसायचं. बादली भरून मी गुपचूप घरी आले.

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. चौरंगाला केळीचे खांब, नारळाला नथ, डोळे, हिरवा खण. आरती झाली. माजघरात पुरुषांची पंगत बसली, निंबा आबा, चुलत दीर, पुतणे, भटू. हेही मांडी घालून मध्ये बसले आणि गंगाफळाच्या भाजीचा वास घेत काहीतरी थट्टा करत होते. आत्याबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही आठे नका बठू. तुमना पाट ओसरीवर मांडेल शे."

हे हसले. "काय माय, थट्टा करतेस?"

ती हसली नाही. निंबा आबा खाली पाहायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आईच्या शब्दापुढे त्या घरात कोणी शब्द काढत नसे. हे हळूच उठले. मी पुरणाचं पातेलं हातात घेऊन दाराआड उभी होते, मला सगळं दिसत होतं.

ओसरीवर पाट होता, भोवती रांगोळी होती, पाण्याचा तांब्या होता. जावयाला मांडतात तसं. ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा, कांदा. वेगळ्या चुलीवर वेगळं रांधलेलं. हे उभेच राहिले.

"माय, मी पाहुना शे का?" ह्यांनी विचारलं. शहरात राहून ह्यांच्या तोंडची गावची बोली गेली होती. त्या दिवशी ती आपसूक आली.

"नही कसं?" आत्याबाई म्हणाली. "येतस, जेवतस, जातस. लोके सांगतस, ताईबाई, तुना पोऱ्या देवमानूस शे. मी म्हनस, हाव, शे. रोट घरनासले ऱ्हातस, भाऊ. तुमनी मूठ नही त्यामां. बठा, भाकर गार व्हयी."

हे बसले. आता काय करणार होते? आत्याबाई आत गेली आणि स्वतःचं ताट घेऊन आली. तिच्याही ताटात भाकरीच. दिवसभर कानबाईचा उपास धरलेली बाई, रोटाचा पहिला मान तिचा. ती ह्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि भाकरी मोडली.

"तू कसाले, माय? तू रोट खाय ना."

"पाहुनाले एकलं जेवू देत नहीत आमना घर," ती म्हणाली.

ह्यांनी एक घास घेतला. तो तोंडातच राहिला. मग हे जे रडायला लागले, ते मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, आता तरी ही बाई विरघळेल. तिनं ह्यांचे डोळे पुसले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही. ह्यांच्या ताटात आणखी डाळ वाढली. मग म्हणाली, "तुमना बापले बी मी असंच जेवाडाले जोयजे व्हतं. माले त्या येळे सुचनं नही."

आणि ती जेवत राहिली. दोघं मायलेक अख्खी भाकरी संपेपर्यंत समोरासमोर बसली होती. ह्यांची मूठ नव्हती, म्हणून मी भटूच्या मुठीवर रोट जेवले. पुरण गोड होतं, पण खरं सांगते, माझं सगळं लक्ष ओसरीकडे.

सोमवारी गिरणेवर कानबाई बोळवली आणि आम्ही परतलो. गाडीत हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. पाचोरा गेलं, जळगाव गेलं, भुसावळ आलं, ह्यांनी तोंड उघडलं नाही. मीही उघडलं नाही, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते माझ्या ओळखीच्या माणसांना विचारा.

त्याच आठवड्यात उखर्डू आला. येत्या रविवारी त्याला पारोळ्याला सोयरिकीला जायचं होतं, चार शहाणे सोबत हवे होते. मी चहा ठेवत कान लावून उभी. ह्यांच्या तोंडून "ये..." इतकं निघालं आणि थांबलं. कपाळावर घाम. मग म्हणाले, "नाही भाऊ. जमणार नाही. रविवारी मी घरी आहे."

"घरी काय आहे?" उखर्डूनं विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले. "घर आहे."

उखर्डू चहा न घेता गेला. हे त्याच्यामागे अर्ध्या गल्लीपर्यंत धावले. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. तर त्याला चहा प्यायला परत घेऊन आले, पण हो काही म्हणाले नाहीत. तो गेल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताप आल्यासारखं वाटतंय गं." मी त्यांना लिंबू-पाणी करून दिलं. पहिलाच नकार होता, सोसायला जरा जड गेला.

पुढे सवय झाली, पण सोपं नव्हतं ते. कॉलनीत बोभाटा झाला, पितांबर बदलला, बायकोनं काहीतरी खायला घातलं. शालिग्राम तर अजूनही जरा फुगलेलाच आहे, त्याच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबला हे गेले नाहीत म्हणून. आणि मला सुख लागलं असं समजू नका. पहिले काही रविवार हा माणूस घरात नुसता माझ्या पायात पायात. डाळीला फोडणी अशी का, मिरच्या उन्हात तशा का. मी एकदा वैतागून म्हटलंच, "जा ना कोणाची तरी म्हैस आणायला." हे हसले, पण गेले नाहीत.

ह्यांना वाटत होतं छाया सातवीत आहे. ती आठवीत होती. ते कळलं त्या दिवशी हे फार वेळ अंगणात बसून राहिले. मग संध्याकाळी तिच्यापाशी बसले आणि म्हणाले, गणित काढ. पोरगी आधी बुजली. बाप म्हणजे तिला येणारा-जाणारा माणूस. पण ह्यांचं गणित चांगलं, लेथवर काम करणाऱ्याचं असतंच. दिवाळीपर्यंत दोघांचं असं मेतकूट जमलं की मला मध्ये कोणी विचारीना. मदतीला जायचं पूर्ण सोडलं असंही नाही. कोणाच्या दुखण्याखुपण्याला हे जायचे, अगदी धावून जायचे. फक्त आता जाण्याआधी क्षणभर थांबायचे. जाऊ की नको, हे स्वतःला विचारायचे. आधी ते कधी विचारतच नव्हते, पाय आपोआप चपलेत जायचे.

कामातही मला फरक दिसला. आधी घरी आले की डोळे तारवटलेले, बोट कापलेलं, कुठे भाजलेलं. आता अंग मोकळं असायचं. म्हणायचे, मशीनपाशी असतो तेव्हा मी मशीनपाशी असतो. साधं वाक्य आहे, पण मला ते फार आवडलं होतं.

पुढच्या श्रावणात आम्ही चौघं मिळून बुधवारीच गावी गेलो. आत्याबाई वर्षात फार थकली होती. हात थरथरायला लागले होते, दळायचं काम सुमनबाईनं आपल्याकडे घेतलेलं. ह्यांनी आपणहून काही बोलून दाखवलं नाही. वर्षभराचं काय सांगायचं?

शुक्रवारी गहू मांडले. निंबा आबांनी मूठ भरली, पोरांनी भरली. मग हे पुढे झाले, धोतरापुढे उकिडवे बसले आणि मूठ भरली. आत्याबाईनं आपल्या दोन्ही हातांत ती मूठ धरून चाचपली.

"पोकळ शे. घट्ट भर."

ह्यांनी पुन्हा घट्ट भरली. वर पाव मूठ घातली. मला वाटलं, झालं, आता उठतील. हे उठले नाहीत.

"माय," हे म्हणाले, "तुनी मूठ कोठे शे?"

सुमनबाईनं माझ्याकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाली, "बाईमानूसनी मूठ ऱ्हास नही. इतला मोठा व्हयना, तुले ठाऊक नही?"

"इतला सालं मना नावनी मूठ कोनी भरी? मना बापनी कोनी भरी?" ह्यांचा आवाज फाटला. "हात तुना व्हता ना, माय. त्या मुठी तुन्याच व्हत्यात."

"कानबाई कोपी जाई."

"कोपी ते मनावर कोपू दे."

आत्याबाईनं निंबा आबांकडे पाहिलं. घरातले कर्ते पुरुष ते, रीत मोडायची तर त्यांच्या शब्दानं. त्यांनी नुसती मान हलवली, भर म्हणून.

ह्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, बाळाचा धरतात तसा, आणि गव्हात नेला. तिची बोटं गव्हावर आली, पण मिटेनात. इतकी थरथरत होती की दाणे धरले की गळायचे, धरले की गळायचे. ह्यांनी आपला पंजा तिच्या हातावर घट्ट मिटला. आत्याबाईनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी गव्हावर पडत होतं, ती ते पुसतही नव्हती. सासऱ्यांच्या वेळी न आलेलं होतं की आणखी कशाचं, मला काय ठाऊक. मीही रडत होते, सुमनबाईही रडत होती.

"मुडद्या," आत्याबाई म्हणाली, "गहू सांडी राहिना ना रे."

हे रडता रडता हसायला लागले. मी पुढे होऊन खाली बसले आणि सांडलेले दाणे एकेक वेचून त्याच ढिगात टाकले.